डोक्याला लावायची माती

माझ्या डोक्याला पहिल्यांदा खाज सुटली ती चौथीच्या वर्गाला शिकवताना, फळ्यावर भागाकार मांडत असताना. खडूचा हात केसांत घालायचा नाही एवढं भान होतं, म्हणून पट्टीनं खाजवलं. पोरं हसली, मीही हसले. पण आठ दिवसांत हसण्यासारखं काही उरलं नाही. कानामागून पाणी सुटायला लागलं, कपाळाच्या कडेनं लाल पट्टा उठला, पापण्या सुजल्या आणि सकाळी उशीवर मूठभर केस सापडायला लागले. सेलूच्या डॉक्टरांनी दोन मलमं देऊन पाहिली आणि हात टेकले. मग मिस्टरांना घेऊन परभणीला चामडीच्या डॉक्टरकडे गेले. खरं तर त्यांनी मला न्यायचं. पण गेल्या वर्षी त्यांच्या छातीत स्प्रिंग बसवल्यापासून आमच्यात कोण कुणाला नेतं ते सांगता येत नाही. दवाखान्याचा जिना आला तेव्हा मी त्यांचा दंड धरला आणि त्यांनी माझी फाईल धरली.

डॉक्टरांनी अर्धा मिनिट पाहिलं असेल. "काळी मेंदी लावता?" मी हो म्हणाले. पंधरा दिवसांनी एकदा, न चुकता. पांढरे केस घेऊन वर्गात जायची मला लाज वाटायची. ते म्हणाले, त्या पुडीतल्या रंगाचाच हा प्रसाद आहे. रंग बंद, शाम्पू बंद, वासाचा साबण बंद. काही महिने डोक्याला आणि अंगाला फक्त साधं काहीतरी. साधं म्हणजे काय, असं मी विचारलं, कारण मला सगळं नेमकं लिहून घ्यायची सवय आहे. ते चिठ्ठीवरून मान वर न करता म्हणाले, "लहानपणी जे लावायचात ते लावा."

मिस्टर लगेच म्हणाले, "शिकेकाई आणू या."

शिकेकाई माझ्या माहेरी कधी आली नव्हती. लहानपणी मी डोक्याला माती लावत होते, आणि हे मी लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

आमचं शेत ताडकळसच्या पुढं, वढ्याला, म्हणजे ओढ्याला, लागून आहे. वढ्याच्या वळणावर एक कोपरा होता, तिथली माती काळी कुळकुळीत, लोण्यासारखी. दाताखाली धरली तरी कचकच लागणार नाही. चैत्रात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. माय त्या भेगांत हात घालून आतली ढेकळं काढायची. वरची माती घ्यायची नाही, पावसानं मऊ झालेली घ्यायची नाही, बैल फिरलेली तर मुळीच नाही. घरी आणून कुटायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळायची आणि डब्यात भरून ठेवायची. शनिवारी संध्याकाळी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात चार मुठी भिजत पडायची, वरून थोडं आंबट ताक. सकाळपर्यंत तिची आंबील व्हायची.

रविवारी मला न्हाणीत दगडावर बसवून माय मागं बसायची. माझं डोकं तिच्या गुडघ्यांत. एका हातानं कपाळ धरायची, म्हणजे डोळ्यांत जाऊ नये, आणि दुसऱ्या हातानं मुळापासून माती चोळायची. तिची बोटं जाडजूड होती, नखांच्या कडा फुटलेल्या, पण डोक्यात शिरली की त्यांना काय व्हायचं कुणास ठाऊक. मी पेंगायला लागायचे. मग ती पाठीवर एक चापट मारायची आणि तांब्या घ्यायची. धुऊन झालं की केस इतके मोकळे व्हायचे की वेणीला दोन दिवस फीत टिकायची नाही.

आठवीला मला पूर्णेच्या शाळेत घातलं. तिथं रेल्वेच्या क्वार्टरमधल्या मुली होत्या. त्यांच्या बापांच्या बदल्या कुठून कुठून झालेल्या, त्यांच्या बोलण्यात हिंदी, दप्तरात प्लास्टिकचा डबा आणि डोक्याला फुलासारखा वास. माझ्या बाकावरची मुलगी वाईट नव्हती. तिनं फक्त विचारलं, "तू शेतात झोपतेस का? तुझ्या केसांना रानाचा वास येतो." सगळा बाक हसला. मी पण हसले. हसून घ्यायची सवय मला तेव्हापासूनची आहे.

त्या रविवारी मी दगडावर बसले, माय मागं बसली आणि मी उठून उभी राहिले. म्हणाले, "तुझे मातीचे हात माझ्या डोक्याला लावायचे नाहीत. कधीच नाही." शाळेत शिकलेल्या शुद्ध भाषेत म्हणाले, तेही आठवतंय. तिच्या हातातून माती खाली ओघळत होती. तिनं माझ्यासाठी गरम पाण्याची बादली भरून ठेवली आणि पातेलं उचलून बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात बाजारातून माझ्यासाठी वासाच्या साबणाची वडी आणली.

मुलं आईला असलं बरंच काही बोलतात आणि आया ते विसरतात. माझं खरं दुःख हे आहे की माझ्या मायनं तो शब्द आदेशासारखा पाळला. लग्नाच्या आधी हळद लागल्यावर मला न्हाऊ घातलं ते आत्यानं आणि मावशीनं. मायनं पाणी तापवलं. मुलाच्या वेळी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा न्हाऊ घालायला बाई ठेवली होती. माय दाराशी टॉवेल घेऊन उभी. मला तेव्हा यात काही वाटलं नाही. किती वर्षांनी तरी लग्नाचा अल्बम चाळत होते, तेव्हा पाहिलं की माझ्या डोक्यावर कुणाकुणाचे हात आहेत, लांबच्या चुलत काकूचासुद्धा, आणि तिचा नाही. अल्बम मिटून मी स्वयंपाकाला लागले. विचारायचं कसं, हेच मला सुचलं नाही.

तर डॉक्टरांनी लहानपणी लावायचात ते लावा म्हटल्यावर मी काय केलं, तर आधी साबण शोधला. परभणीच्या मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन लागलं होतं. लोणची, पापड, शेवया, आणि शेवटच्या टेबलावर घरी केलेले साबण, केळीच्या वाळल्या पानात गुंडाळलेले. विकणारी बाई माझ्याच वयाची. "ताई, डोळे झाकून घ्या, ह्यात काहीच न्हाई," असं म्हणाली. काहीच नाही तर मग पैसे कशाचे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. करडईचं आणि खोबऱ्याचं तेल, लिंबाचा पाला, जास्वंद, आणि महिनाभर सावलीत वाळवलेला. "गावरान हाय समदं." हा शब्द आमच्याकडे अंड्याला, तुपाला, कोंबडीला लागतो. साबणालाही लागलेला पाहून मला बरं वाटलं. मी चार वड्या घेतल्या.

अंगाला तो मानवला. पंधरा दिवसांत हातावरचं लाल उतरलं, कोपराची चामडी मऊ पडली. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, तिघीजणींनी माझ्याकडून पत्ता घेतला. केसांचं मात्र वेगळंच झालं. आमच्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, मग साबण कसा फुटणार. फेस येण्याऐवजी डोक्यावर दह्यासारखे कण जमायचे. वाळल्यावर केस तेलकट कढईला हात लावल्यासारखे चिकट, आणि कंगव्याला पांढरा लगदा. लिंबू पिळून पाहिलं, पाणी उकळून गार करून पाहिलं. साबणवाल्या बाईला फोन केला तर म्हणाली, "ताई, पावसाचं पाणी वापरा." माघ महिन्यात. मी फोन ठेवला. तोवर रंगाची कड दोन बोटं खाली उतरली होती आणि वर पांढरं डोकं उघडं पडलं होतं. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, एकदम आजी दिसायला लागल्या." मी म्हणाले, "तुम्ही तर नोकरीला लागल्यापासून आजोबा दिसता." ते रागावले. रागावू देत.

पण घरी आल्यावर मी आरशासमोर बसून रडले, हेही सांगून टाकते. केसांसाठी नाही फक्त. पन्नाशी उलटली, मुलगा पुण्याला, नवऱ्याच्या छातीत लोखंड, आणि मला साधं काहीतरी लावा म्हटलं तर साधं काहीच माहीत नाही. जे माहीत होतं ते मी स्वतःच्या तोंडानं नको म्हणून बसले होते.

दुसऱ्या दिवशी फोन केला. माय गावी धाकट्या भावाकडे असते. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून भावजय फोन तिच्या कानाला धरते आणि आपण ओरडायचं.

"माय, वढ्याकडची माती अजून हाय का गं?"

"काय?"

"माती. डोक्याला लावायची."

मला वाटलं फोन कटला. मग तिनं विचारलं, "कुनाच्या?"

"माझ्या."

"तुझ्या डोक्याला?"

"हां. डॉक्टरनी सांगितलंय. मी येते शनिवारी. आणि तूच लावून दे."

मग सासूला आत्या म्हणणाऱ्या भावजयीचा आवाज आला, "ताई, काय बोललात वो? आत्या डोळं पुसायल्यात." मी म्हणाले, काही नाही, बोअरच्या पाण्याचं सांगत होते.

शनिवारी अर्धी शाळा करून निघाले. परभणीपर्यंत रेल्वे, तिथून ताडकळसची बस. दोन तासांच्या वाटेत मी एकच वाक्य घोळवत होते. समोरासमोर मला माफी मागता येत नाही. वर्गातल्या पोरांकडूनसुद्धा मी कधी मागून घेत नाही, कारण ती मागताना काय काय गिळावं लागतं ते मला माहीत आहे. पण दगडावर बसलं की पाठ तिच्याकडे असते. डोळे मिटलेले असतात. तिचा हात डोक्यात फिरायला लागला की म्हणायचं, माय, मी त्या वेळी फार वाईट बोलले. एवढंच. तिनं उत्तर दिलं नाही तरी चालेल. तिचं वय झालंय, आज आहे उद्या नाही, आणि हे बोलायचं राहिलं तर ते कुठल्याच साबणानं निघणार नाही, असं मला बसमध्ये अगदी स्पष्ट वाटत होतं.

ताडकळसच्या फाट्यावर भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. गाडीवर बसल्या बसल्या म्हणाला, "आक्का, मातीचं काय खूळ काढलंस? समद्या रानात औषध मारलेलं हाय. खुरपायला बाया मिळत न्हाईत, तणनाशक मारल्याबिगर भागत न्हाई आता. तसली माती डोक्याला लावलीस तर हायत ते बी केस जातील."

आमच्याकडे हा एकच शब्द आहे. पोराला पाजतात तेही औषध, पिकावर मारतात तेही औषध. कुणी म्हटलं, अमक्यानं औषध घेतलं, तर ऐकणाऱ्याच्या काळजात आधी धस्स होतं आणि मग तो विचारतो, कुठलं. मी विचारलं, "मग मायनं माती आणली कुठून?"

"तिलाच ठाव. म्हनली, बिनऔषधाची जागा मला म्हाईत हाय. दोन दिवस घमेलं घिऊन जायलीय रानात. ऐकंतीय का कुनाचं."

वाटेत आमचं शेत लागतं. वढ्याच्या वळणावर दादांचा ओटा दिसला. दादा म्हणजे आमचे वडील. सहा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांना आमच्याच शेतात अग्नी दिला, आमच्याकडे बऱ्याच घरांत तसंच करतात, आणि त्या जागी भावानं सिमेंटचा लहानसा ओटा बांधला. भोवती गवत वाढलेलं होतं, फुलपाखरं होती. बाकी सगळं रान औषधानं साफ, वहीच्या कोऱ्या पानासारखं. भाऊ म्हणाला, "तितल्या चार पावलात मी पंप न्हाई नेत. दादा हायत तिथं." मला ते ऐकून त्याच्याबद्दल माया वाटली. यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. दोन अधिक दोन मी रोज शिकवते, पण तेव्हा मला ती बेरीज जमली नाही.

माय ओसरीवर बसली होती. माझं डोकं पाहून म्हणाली, "लयच पांढरी झालीस गं. माझ्याहून." मग हसली. जर्मनच्या पातेल्यात माती भिजत घातलेली होती, वर ताट झाकलेलं आणि ताटावर दगड, म्हणजे मांजरानं तोंड घालू नये. तिनं ताट उचलून दाखवलं. तीच माती. तोच वास, ताकाच्या पहिल्या घोटासारखा आंबूस आणि थंड. मग मी तिचे हात पाहिले. तिनं नखं कापून घेतली होती. कडेची फुटलेली चामडीसुद्धा दगडानं घासून काढली होती, बोटांची टोकं लाल दिसत होती. "तुझ्या डोक्याला लागाया नगं म्हनून," ती म्हणाली. मी पाणी प्यायला आत गेले आणि तिथंच थोडा वेळ उभी राहिले.

सकाळी तिनं स्वतः बंब पेटवला. भावजयीला हात लावू दिला नाही. न्हाणी आता सिमेंटची आहे, दगड गेला, प्लास्टिकचं स्टूल आलंय. मी स्टुलावर बसले, तिला मागं पाट दिला. गुडघ्यांत डोकं येणं काही शक्य नव्हतं, मी आता तिच्याहून रुंद आहे. तिनं पदर खोचला. पातेल्यात हात घातल्याचा आवाज आला. मग ती थांबली.

"लावू का?" तिनं विचारलं.

"लाव," मी मोठ्यानं म्हणाले आणि डोळे मिटले. माझं वाक्य अगदी ओठांवर होतं.

तेवढ्यात भावजय गरम पाण्याची दुसरी बादली घेऊन आली. ती बाई सरळ आहे, मनात काही ठेवत नाही. बादली टेकवता टेकवता तिनं सहज, पण मायला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "आत्या, कुठून आणली वो माती? समद्या रानात तर औषध मारलंय."

"त्यांच्यापाशीची," माय म्हणाली.

माय दादांचं नाव कधी घेत नव्हती, ते होते तेव्हाही आणि गेल्यावरही. 'ते' म्हणजे एकच. न्हाणीत कुणालाच विचारायची गरज पडली नाही.

भावजय बादली सोडून उभी राहिली. "अवो आत्या. सवाष्णीच्या डोक्याला ती माती? दाजींची तब्येत अशी, आन् तुमी..."

आणि मी डोकं पुढं घेतलं.

किती घेतलं म्हणाल तर एक वीतसुद्धा नाही. बोटभर असेल. मी परिसर अभ्यास शिकवते. राखेत काय असतं, मातीत काय असतं, सहा पावसाळ्यांत काय वाहून जातं, हे मी पोरांना फळ्यावर चित्र काढून सांगते. अमावास्येला लिंबू-मिरची बांधणाऱ्या पालकांना मी शाळेत बोलावून समज दिली आहे. पण त्या क्षणी मला जिन्यात धापा टाकणारे मिस्टर दिसले आणि माझी मान माझ्याआधी हलली. मी काहीही ठरवलं नव्हतं. मान हलली.

माय मागं होती. तिनं ते पाहिलं. तिचा हात माझ्या केसांपासून एवढ्याशा अंतरावर तसाच राहिला असणार, कारण माझ्या मानेवर मातीचा एक थेंब पडला, गार.

"माती तीच हाय गं," ती हळू म्हणाली. "तू ल्हान व्हतीस तवाबी तीच व्हती. तवा ते तिथं नव्हते, इतकंच." आणि मग, जणू स्वतःचं बोलणं स्वतःलाच आत्ता ऐकू आलं असावं, तसा तिचा आवाज बदलला. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई. जावायाचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मी वळले. म्हणाले, "अगं लाव माय, काही होत नाही त्यानं. सगळं खूळ आहे." पण ते मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. तो आवाज मला चांगला माहीत आहे. स्वतःला खात्री नसली की मी तो काढते. तिनं तोवर बादलीत हात धुतले होते, कोपरापर्यंत, नखांत नख घालून, जणू हातांना काहीतरी भलतंच लागलं होतं. भावजयीला म्हणाली, "कोनाड्यातली ती पुडी दे तिला. शाम्पूची."

डॉक्टरनी शाम्पू बंद सांगितलाय, असं कुणीच म्हणालं नाही. मीही नाही. मी शाम्पूनं डोकं धुतलं, बाहेर आले तेव्हा भावजय रडवेली होऊन म्हणाली, "ताई, मी बोलायला नगं व्हतं का?" मी म्हणाले, नाही, तू बरोबर बोललीस. तिच्यावर कशाला ढकलू. मान माझी होती.

माय ओसरीवर नव्हती, पातेलंही नव्हतं. दुपार होत आली तेव्हा ती रानातून परत आली, रिकामं पातेलं काखेला लावून. भिजलेली माती तिनं घराच्या मोरीत ओतली नव्हती. जिथली तिथं नेऊन ठेवली होती. पायाला चिखल होता. मी म्हणाले, उन्हाचं एवढ्या लांब कशाला गेलीस. ती म्हणाली, "त्यांची व्हती, त्यांला दिली." संध्याकाळच्या बसला मी परत निघाले. माझं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

डोकं पुढं बरं झालं. घरी पिण्यासाठी फिल्टरचा जार येतो. आता आठवड्यातून एकदा त्यातलं पाणी तापवून त्याच गावरान साबणानं केस धुते. फेस चांगला येतो. केस पांढरे, आखूड, पण धड आहेत. मिस्टरांचीही तब्येत ठीक आहे, ते सकाळी फिरायला जातात. मातीचं सगळं मी त्यांना शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "लावून घ्यायची होतीस की. मला काय होणार होतं?" ते मनापासून म्हणाले आणि मला त्यांचा अतिशय राग आला.

त्यानंतर मी तीनदा गावी गेले. दर वेळी जाताना साबणाची वडी आणि पाच लिटर चांगलं पाणी घेऊन जाते. म्हणते, माय, माती राहू दे, हा साबण आहे, लिंबाच्या पाल्याचा, तू फक्त लावून दे. पहिल्यांदा ती म्हणाली, आज सोमवार हाय. दुसऱ्यांदा म्हणाली, हाताला मुंग्या येतात. मी दोन्ही खरं मानलं.

तिसऱ्यांदा, आत्ता वैशाखात, ती चुलीपुढं भाकरी करत होती. भावजय माहेरी गेली होती, भाऊ रानात, आम्ही दोघीच होतो. ती चुलीकडे तोंड करून बसलेली, मी तिच्या मागं भिंतीला टेकून. म्हटलं, यापेक्षा सोपं कधी होणार नाही. मी तिच्या कानाशी जाऊन, ओरडून म्हणाले, कारण तिला हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि असली गोष्ट ओरडून सांगावी लागणं ही शिक्षाच आहे. "माय, मी आठवीत असताना तुला बोलले होते. तुझ्या हातांबद्दल. फार वाईट बोलले होते मी."

तिनं पिठाचा गोळा काठवटीत ठेवला. "कवा गं? मला न्हाई ध्यानात."

"आणि त्या दिवशीसुद्धा मी मान..."

"ते बराबरच केलंस तू," ती मध्येच म्हणाली. "तू मान काढलीस म्हनून बरं झालं. मीच येडी." मग गोळा थापायला लागली. "माझ्या हाताला आता गुण न्हाई ऱ्हायला, बाई. ते गेल्यापासून न्हाई. तुझ्या डोक्याला नगं माझा हात. तुझं समदं चांगलं हाय, चांगलं ऱ्हाऊ दे."

तिच्या बोलण्यात राग असता तर मी पाय धरले असते. पण ती मला समजावत होती, आजारी पोराला कडू गोळी का घ्यायची ते समजावतात तशी. तिनं माझा शब्द धरून ठेवला नव्हता. तिनं तो मान्य केला होता.

तिनं गरम भाकरी माझ्या ताटात टाकली, वर तिच्या बोटांचे ठसे उठलेले. मी खाल्ली आणि अजून एक मागून घेतली.